केसरने घासलेलं भिंग

भागोजी तांबटाला सूक्ष्मदर्शक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण नाही म्हणायची त्याच्या घराण्यात रीत नव्हती. एकतीस साली हिवतापाच्या कामावर मुरुडला आलेले डॉक्टर डासांची पोटं फाडून बघायचे. त्यांचं यंत्र आगरदांड्याला होडीतून उतरताना पाण्यात पडलं. "तसंच एक करून देशील?" त्यांनी पुस्तकातलं चित्र दाखवून विचारलं, आणि भागोजीने बेधडक मान डोलावली.

सागाचा ठोकळा, दोन्ही अंगांना हात टेकायला उतरत्या फळ्या, मधे काच, खाली कलता आरसा आणि वर-खाली सरकणारा पितळी दांडा, एवढं त्याने झकास केलं. घोडं अडलं भिंगापाशी. जन्मभर हातोडा मारलेल्या हाताला घासण्याचं नाजूक काम कुठलं जमायला? काचा तडकल्या, तेव्हा त्याची भांडी घासून आरशासारखी करणारी बायको बेट्याला आठवली.

केसरने अत्तराच्या फुटक्या बाटलीचं जाड काचेचं बूच घेतलं आणि खोलगट वाटीत धार लावायच्या कुरुंद दगडाची पूड घालून घासायला बसली. चूलपाणी उरकून रोज दुपारी हेच. पहिल्या भिंगात बुडबुडा निघाला, दुसरं धुरकट राहिलं. तिसऱ्यातून मुंगीच्या पायावरचे केस दिसले, तेव्हा ती कितीतरी वेळ एकटीच हसत होती. बोटं सोलवटली होती, त्याचं तिला काही नव्हतं.

"डाक्तरांना सांगा, भिंग माज्या हातचं हाय," एवढंच तिने मागितलं.

"सांगतो की," भागोजी म्हणाला.

यंत्र पोचवायला दोघंही गेली. डॉक्टरांनी भिंगाला डोळा लावला आणि ते खूश झाले. "हे कोणी घासलं रे?"

केसर पडवीत उभी होती. भागोजीने एकवार तिच्याकडे पाहिलं. बायकोच्या हातचं आहे म्हणायला मर्दाची जीभ कशी रेटावी?

"इलायती हाय, सायेब. मुंबईवरनं आनलं."

"तरीच," डॉक्टर म्हणाले. "मग अजून चार यंत्रं हवीत, त्यांची भिंगं मीच मागवतो. तू नुसतं पितळकाम कर."

तोंड उघडलं असतं तर नवरा खोटा पडला असता, म्हणून केसर गप्प राहिली. नवऱ्याच्या थापेपेक्षा आपल्या त्या गप्प राहण्याचीच तिला जास्त चीड आली.

परतताना भागोजी रंगात होता. "चार यंत्रं, केसर. आन् तुला आता घासायचा तरास न्हाय."

हे तो अगदी मायेने म्हणाला. तेच तिला सोसवेना.