खांद्यावरची चार बोटं

माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट आजही पुरतं मिटत नाही. कुणी कारण विचारलं की मी आधी चहा मागवतो, खुर्ची पुढे ओढतो आणि मगच सुरुवात करतो, कारण ही मारामारी घाईत सांगण्यासारखी नाही.

उज्जैनच्या आमच्या मराठी समाजाचं एक मासिक निघायचं. गच्च्यांवर डिश अँटेना उगवत होते, ते दिवस. संपादक म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक काका, आणि कलासंपादक मी. पद भारी, हत्यारं तीन: कटर, स्टीलची पट्टी आणि डिंक. माधव नगरातल्या एका खोलीत बसून मी मजकुराचे आणि फोटोंचे तुकडे कापून कागदावर चिकटवायचो. तयार पानं छपाईला इंदूरला जायची.

समाजात दोन सख्खे भाऊ होते, दोघेही विश्वस्त. देवास गेटच्या दुकानावरून कोर्टात केस चालू होती आणि अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. धाकट्याचा हात अंगाला लागला तर तो हात मोडीन, असं थोरल्याने भर सभेत सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ग्रुप फोटोत दोघांच्या मध्ये निदान चार माणसं उभी करायची, असा रिवाजच पडला होता. फोटोग्राफरलासुद्धा सांगावं लागत नसे.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवाच्या फोटोत मध्ये इंदूरचे चार पाहुणे होते. पान लावून झालं आणि काका टीव्हीच्या शोरूमची जाहिरात घेऊन आले. अर्धं पान गेलं.

"फोटो दोन कॉलमात बसव," काका म्हणाले. "पण आपला एक माणूस सुटला तर लोक मला जगू देणार नाहीत."

पाहुणे परगावचे, ते काय भांडायला येणार? मी चौघांची पट्टी मधून कापली आणि उरलेल्या दोन बाजू जोडल्या. सांधा असा की भिंगातूनही दिसू नये. खूश होऊन मी घरी गेलो. एका पाहुण्याने थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्याची चार बोटं तिथेच राहिली आणि आता ती धाकट्याच्या शालीतून निघाल्यासारखी दिसत होती. हे मला अंक वाटून झाल्यावर कळलं.

कळवायला थोरले स्वतः त्या खोलीवर आले. रोज आखाड्यात जाणारा माणूस. पहिली थप्पड दारातच.

"हा हात कुणाचा?"

"दादा, पाहुण्याचा आहे."

"पाहुणा कुठाय यात? दाखव."

मी दाखवणार काय? दुसऱ्या थपडेने ओठ फाटला. मग त्यांनी मानगूट धरून माझं डोकं टेबलावर आपटलं, उजवा हात पसरला आणि स्टीलची पट्टी उचलली.

"ज्या हाताने चिकटवलंस, तोच मोडतो."

"दादा, पोट याच हातावर आहे."

"आणि माझी इज्जत?"

काका कपाटामागून म्हणाले, "फायलींना धक्का लावू नका, बस."

तेवढ्यात तोच अंक हातात घेऊन धाकटे आत आले. भावाकडे न बघता मला म्हणाले, "बढिया. आधी फोटो छापून घ्यायचा, कोर्टात समेट झाला म्हणून दाखवायचा आणि वर हे मारायचं नाटक. विचार यांना, वकिलाने सुचवलं का?"

"सांग त्याला," थोरले मला म्हणाले, "की मी थुंकतो त्याच्या समेटावर."

मी निरोप पोचवायच्या आत धाकट्यांनी स्टूल हाणलं. थोरल्यांची भुवई फुटली. थोरल्यांनी डोकं घातलं, धाकट्यांचं नाक गेलं. डिंकाची बाटली फुटली आणि त्या काचांवर दोघे लोळले. एक दात उडून माझ्यापुढे पडला. कुणाचा ते मी विचारलं नाही.

कापलेला तुकडा पुढचा अंक निघेपर्यंत फेकायचा नाही, हा माझा नियम. टेबलाखालून रांगत जाऊन मी खण उघडला, चार पाहुण्यांची पट्टी काढली आणि छापील फोटोतल्या चार बोटांना जोडून धरली. पंजा जुळला. मनगटावर घड्याळ, पुढे पाहुण्याची कोपरापर्यंतची बाही, वर पाहुण्याचं हसरं तोंड.

"बघा," मी ओरडलो.

दोघे थांबले. दोन डोकी फोटोवर वाकली. दोघांचं रक्त टपटप पाहुण्यांवर पडत होतं.

"पाहुण्याचाच आहे," थोरले म्हणाले.

"हो. घड्याळ बघ ना," धाकटे म्हणाले.

अकरा वर्षांतलं हे पहिलं बोलणं. मला वाटलं, सुटलो. मग दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. थोरल्यांनी मनगट धरलं, धाकट्यांनी स्टीलची पट्टी चालवली. हात वाचला, मधलं बोट मोडलं. अगदी काडीसारखा आवाज.

पुढच्या महिन्यात दसरा मिलन. दोघे भाऊ आले, एकाला टाके, एकाचं नाक वाकडं. बोलणं पुन्हा बंद. फोटोग्राफर मध्ये उभी करायला चार माणसं शोधू लागला, तर थोरल्यांनी बोट दाखवलं, "एक हा." धाकट्यांनी मान हलवली. प्लास्टर छातीशी धरून मी दोघांच्या मध्ये उभा राहिलो. हात कुणीच कुणाच्या खांद्यावर ठेवला नाही.

त्या अंकालाही शोरूमची जाहिरात आयत्या वेळी आली. मी डाव्या हाताने कटर उचललं आणि टीव्ही अर्धा कापला.