कडी कोणी लावली?

आमच्या बेटावर गुन्वर हेस्सेविकला ओळखत नाही असा माणूस नव्हता. तिने जन्मभर फेरीबोटीवर तिकिटं तपासली होती. तिचा आवाज ऐकला की तिकीट काढलेला माणूसही घाबरून खिसे चाचपायचा. निवृत्त झाल्यावर ती प्रार्थनाघरात वाफल, म्हणजे जाळीदार गोड घावन, भाजू लागली. त्या वाफलच्या वासाने दोन-तीन जण तरी परमेश्वराकडे वळले असतील.

प्रार्थनाघराचे प्रमुख इंगवाल्ड राबेन. देवाशी त्यांचा फार घरोबा. पाऊस थांबला की आपल्याच शब्दाखातर थांबला, अशा चेहऱ्याने ते बाहेर पडत.

उन्हाळी शिबिरात एका दुपारी, प्रार्थना ऐन रंगात असताना, इंगवाल्डना प्रचंड शिंक आली. गुन्वरची नात सुनिवा, अकरा वर्षांची, खुदकन हसली. इंगवाल्डनी तिला दंडाला धरून किनाऱ्यावरच्या होड्यांच्या शेडमध्ये नेलं. "इथे बस आणि देवाची माफी माग," म्हणाले आणि बाहेरून कडी घातली. तेवढ्यात शहरातून पाहुणे उपदेशक आले. केक कापला गेला, कॉफी झाली, भजनं झाली. मुलीला ते साफ विसरले. भरतीचं पाणी फळ्यांखालून आत शिरलं. संध्याकाळी जाळी ठेवायला आलेल्या कोळ्याने दार उघडलं, तेव्हा सुनिवा उलट्या होडीवर चढून बसली होती. ओरडून ओरडून घसा बसलेला. त्यानंतर ती घरी न्हाणीघराचंसुद्धा दार लावेना.

कमिटी बसली. बराच खल झाला आणि एकमताने ठराव झाला, की शेडची कडी काढून टाकावी. गुन्हेगार सापडला होता. तो लोखंडाचा निघाला.

मग समेटाची सभा भरली. इंगवाल्ड उभे राहिले, डोळे मिटून म्हणाले, "त्या दिवशी काही गोष्टी घडल्या. त्यातून कोणाचं मन दुखावलं गेलं असेल, तर मला वाईट वाटतं."

"आमेन!" सगळे म्हणाले.

मागून गुन्वरचा आवाज आला, "इंगवाल्ड, कडी कोणी लावली?"

"गुन्वरबाई, आता कशाला त्या खोलात जायचं?" सेक्रेटरी राइदार मध्ये पडले. "ख्रिस्ताने सांगितलंय, क्षमा करा."

"करते की! पण कोणाला करू? इथे कोणी काही केलेलंच नाही. सगळं आपोआप घडलंय."

सभा संपली. पुढच्या रविवारपासून गुन्वरच्या कठोर हृदयासाठी प्रार्थना सुरू झाली. ती समोरच बसलेली असे आणि सगळ्यांत मोठ्याने तीच "आमेन" म्हणे. एकदा मात्र उठून म्हणाली, "माझं हृदय मऊ करताय ते ठीक. पोरीसाठीही एकदा करा ना. ती अजून दार उघडं टाकून झोपते."

कोणी केली नाही. दुसऱ्या दिवशी ती फेरीबोट पकडून पलीकडे पोलीस ठाण्यात गेली.

"घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस!" राइदार तिला धक्क्यावरच ओरडले.

"घरात विचारलं होतं, भाऊ. घर बहिरं निघालं."

पोलीस आले. चौकशीत प्रत्येकाला त्या दिवसाचा केक नीट आठवत होता, मुलगी कोणालाच आठवेना. तेव्हा इंगवाल्डची बायको मार्गिट पुढे आली. ही बाई सभेत कधी तोंड उघडत नसे.

"मी आवाज ऐकला होता," ती म्हणाली. "कोणीतरी दार बडवत होतं. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, वारा असेल, पाहुण्यांना कॉफी दे. मी कॉफी दिली." आणि ती तिथेच रडू लागली.

न्यायालयाने इंगवाल्डना दोषी ठरवलं. मुलांच्या शिबिरात पाऊल टाकायला त्यांना बंदी झाली. निम्मं प्रार्थनाघर अजूनही 'इंगवाल्डवर आलेल्या संकटा'बद्दल हळहळतं आणि गुन्वरचे वाफल खात नाही. उरलेल्यांना त्यामुळे दोन-दोन मिळतात.

मार्गिट एका रविवारी गुन्वरच्या घरी गेली. सुनिवासमोर खुर्चीवर बसून म्हणाली, "मी ऐकलं होतं आणि आले नाही. चूक माझी आहे."

सुनिवाने बुटाच्या नाड्या बांधल्या. मग "बरं," म्हणाली आणि फुटबॉल खेळायला निघून गेली.

"म्हणजे तिने क्षमा केली का गं?" मार्गिटने विचारलं.

"ते तिचं ती ठरवेल," गुन्वर म्हणाली. "तू कॉफी घेणार का?"