कुसुमला बघायला गेलेल्या तिघी

चार नर्सेस एका सरकारी दवाखान्यात तीस वर्षं काढतात, तेव्हा किस्से गोळा करावे लागत नाहीत. स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या डब्यांसारखे ते आपोआप वाढतात. झाकण एकाचं, डबा दुसऱ्याचा! मी एक सांगायला घेते, हिरा मध्येच म्हणते, "तो पेशंट तो नाय गो!" आणि रुक्सानाच्या मते आम्हा दोघींचंही चुकलेलं असतं. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, लिहून काढ. म्हणजे फोनवर तिसऱ्यांदा ऐकायला नको."

म्हणून हे. जुने नाहीत, गेल्या ऑक्टोबरचेच आहेत.

मी मंदा, करंजाड्याला मुलाकडे राहते. हिरा उरणची कोळीण. रुक्साना पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यातली, तिचा मुलगा कुवेतला. आणि चौथी कुसुम. तिने लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर ती आपल्या गावी गेली, भंडारा जिल्ह्यात, पवनीच्या पुढे. भाच्याच्या घरी.

जूनमध्ये कुसुमला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय, बोलणं, सगळंच बसलं. आम्ही फोन केला की भाचा नरेश एकच सांगायचा, "आत्याबाई कोणालेच ओळखत नाही जी. तुम्ही एवढ्या लांब येऊन काय करसान?"

पाऊस होता, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, हिराचा गुडघा होता. कारणं भरपूर होती. दसरा झाल्यावर एके दिवशी हिरा फोनवर म्हणाली, "वलखत नाय त वलखत नाय. आमी त वलखतो ना तिला? चला!"

*

तिन्ही घरांतून विरोध झाला. माझा मुलगा म्हणाला, "आई, व्हिडिओ कॉल कर ना!" मी म्हटलं, "तुझं लग्न ठरवायला मी व्हिडिओ कॉलवर गेले होते का?" सून हसली, आणि कल्याणहून नागपूरची तिकिटं तिनेच काढून दिली.

हिराच्या घरी जास्त कठीण होतं. तिची सून शिक्षिका आहे, समजावून सांगायची सवय. "आई, गुडघा बघा तुमचा. ह्या वयात कशाला एवढा प्रवास?"

हिरा म्हणाली, "ह्या वयात नाय, मंग कवा? पुढच्या जन्मी रिझर्व्हेशन भेटल याची तू गॅरंटी देतेस?"

*

गाडीत समोर एक गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, हातात पेपर. नाशिकपर्यंत त्यांनी आमच्याकडे बघत धीर धरला. मग काळजीच्या सुरात विचारलंच, "तुमच्याबरोबर जेन्ट्स कोणी नाही का?"

रुक्सानाने चहाचा घोट घेतला. "आहेत ना. पण सामान फार झालं, म्हणून त्यांना घरीच ठेवलं."

*

सामान खरंच फार होतं. हिराने कुसुमसाठी सुके बोंबील आणि सुकट घेतली होती. पाच पिशव्यांत बांधून, वर टॉवेल गुंडाळून. पण बोंबील म्हणजे बोंबील! भुसावळ यायच्या आत वरच्या बर्थवरची बाई उठून बसली. "शी! वास कसला येतोय हा?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. रुक्साना पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

हिरा ताठ बसून म्हणाली, "उरनचा!"

*

कुसुमच्या घरी पोचलो. अंगणात शेणसडा, दारात दसऱ्याचं तोरण, मागे पिवळं पडत चाललेलं धान. नरेशने पाणी दिलं आणि पुन्हा तेच सांगितलं. "ओळखणार नाही जी. वाईट वाटून घेऊ नका."

ती मागच्या खोलीत होती. खिडकी बंद. पदर तोंडावर ओढून भिंतीकडे तोंड करून निजलेली. आमची कुसुम! ही बाई वॉर्डात शिरली की पेशंट उशा सरळ करायचे. हिराला रडूच फुटलं. रुक्साना "या अल्ला" म्हणून दारातच थांबली.

मला काय सुचलं कोण जाणे. आमच्या जुन्या मेट्रनसारखा आवाज काढून मी म्हटलं, "सिस्टर कुसुम! वॉर्डात आहे कोण ड्युटीवर?"

पदर हलला. एक डोळा दिसला, मग दुसरा. तिने मला बघितलं, हिराला बघितलं, रुक्सानाला बघितलं. ओठ वाकडे झाले, घसा खरखरला. बराच वेळ लागला.

मग तिच्या तोंडून शब्द आला.

"लेट!"

*

दुसऱ्या दिवशी आम्ही नरेशला विचारलं, हिला चालवत का नाही? तो म्हणाला, "डॉक्टरनं आराम सांगतला होता."

"कागद दाखव."

कागद बुद्धाच्या मूर्तीमागे ठेवला होता. प्लास्टिकमध्ये घालून, घडी न मोडता. रुक्सानाने चष्मा लावला. पहिले पंधरा दिवस आराम, असं लिहिलं होतं. आणि त्याखाली इंग्रजीत, रोज व्यायाम, रोज चालवणे, मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून. ते कोणी वाचलंच नव्हतं.

आम्ही तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, उशीर झालाय, पण आजपासून सुरू करा, दोघींनी धरून, हळूहळू. मग काय! आम्ही तिघी खवळलो. चादर अशी का, खिडकी बंद का, पाठीला पावडर का नाही, पाय असा वाकडा का ठेवला. वॉर्डाचा राउंडच सुरू झाला!

नरेशची बायको छाया दाराशी उभी होती. लहान चणीची, पंचविशीतली. ती ऐकत राहिली, ऐकत राहिली, आणि मग एकदम म्हणाली, "चार महिने मी आत्याबाईचं सगळं केलं. हगणं, मुतणं, भरवणं. एक दिवस नाक नाही मुरडलं. मले कोणी शिकवलंच नाही, त मी काय करू?"

मी कुसुमच्या पाठीवर हात फिरवून बघितला. चार महिने बिछान्यावर असलेल्या बाईला एक फोड नव्हता, एक चट्टा नव्हता. तीस वर्षांत मी असं कितींदा बघितलं असेल? फार नाही.

रुक्सानाने कागद घडी करून छायाच्या हातात दिला. "माफ कर बेटा. राउंड संपला. आता तू सांग, आम्ही करतो."

*

त्या दिवसापासून छाया आमची स्टुडंट नर्स! काखेत कसं धरायचं, अशक्त बाजूला कसं उभं राहायचं, सगळं दोन दिवसांत शिकली. कुसुम पहिल्या दिवशी पलंगापासून दारापर्यंत आली, तिसऱ्या दिवशी अंगणात. घामाघूम व्हायची, चिडायची. एकदा हिराला म्हणाली, "सो...ड!" हिराने सोडलं नाही तर तिने डाव्या हाताने हिराला चिमटा काढला.

"चिमटा काढला गो!" हिरा आनंदाने ओरडली. "जोर हाय अजून बाईत!"

गावात बातमी पसरली. बायका बघायला यायला लागल्या. कुसुम लगेच पदर तोंडावर ओढायची. एक दिवस शेजारची म्हातारी तिच्यासमोरच हळहळली, "काय देखणी होती वो. तोंड पार वाकडं झालं."

कुसुमने पदर खाली केला. एकेक शब्द जुळवला.

"तोंड... वाकडं. बोलणं... सरळ."

त्यानंतर तिने पदर पुन्हा वर ओढला नाही.

*

आठव्या दिवशी आम्ही तिला तळ्यावर न्यायचं ठरवलं. शिंगाड्यांचे दिवस होते. तळं वेलींनी हिरवंगार झाकलेलं, काठावर काळे शिंगाडे उकडून विकायला ठेवलेले. नरेश अस्वस्थ. "लोक काय म्हणतील जी? आजारी बाईले तळ्यावर काहून नेऊन राह्यले?"

"म्हणतील तळ्यावर नेली," मी म्हटलं. "खरंच तर आहे!"

तो शेजाऱ्याची रिक्षा घेऊन आला. स्वतःच. काठावर प्लास्टिकची खुर्ची मांडली, कुसुम बसली. उन्हाने डोळे मिटले तिने, पण हलवा म्हणाली नाही.

उकडलेले शिंगाडे विकत घेता आले असते. पण हिरा! तिने कासोटा घातला आणि पाण्याकडे निघाली. शिंगाडे काढणारा माणूस ओरडला, "ओ मावशी, नका येऊ! काटे राह्यतात त्याले!"

"काटे मासलीला पन असतात!" हिरा म्हणाली. "मी खाडीत चालनारी बाई हाय!"

चार पावलं गेली आणि किंचाळली. शिंगाड्याचा काटा सरळ तळव्यात! लंगडत बाहेर आली, पायाला रक्त, मुठीत एकच शिंगाडा. आम्ही पर्स उलट्या केल्या. चष्मे निघाले, विड्याची सुपारी निघाली, रुक्सानाची जपाची तसबीह निघाली. चार सिस्टर, आणि बँडेजची एक पट्टी नाही!

तेव्हा कुसुम हसली. अर्ध्या तोंडाने, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नरेश तिच्याकडे बघतच राहिला. मग पाठ फिरवून तळ्याकडे तोंड करून उभा राहिला.

*

बारा दिवसांनी आम्ही निघालो. कुसुमच्या घरापासून एसटीचा थांबा जवळच, पण तिच्यासाठी फार. आम्ही घरीच निरोप घेतला. ती रडली नाही. बोललीही नाही. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रस्ताभर हिरा म्हणत होती, "रागावली गो आपल्यावर."

पवनीची एसटी आली. चढलो, बसलो. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि थांबला. मागून कोणीतरी ओरडत होतं.

रस्त्याने कुसुम येत होती. डाव्या हातात चार पायांची काठी, उजव्या काखेत छाया. नरेश मागून मोटरसायकल ढकलत, "आत्याबाई, बसा ना जी! बसा ना!" ती मान हलवत होती. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. कंडक्टरने घड्याळ बघितलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. गाडीतली माणसं खिडक्यांतून वाकून बघत होती. कोणी गाडी सोडा म्हणालं नाही.

आम्हाला वाटलं, निरोप द्यायला आली. मी उठून दाराकडे गेले. पण ती खाली थांबलीच नाही. काठी आधी वर आली. मग डावा पाय. मग छायाने खालून जोर लावला, आणि कुसुम गाडीत उभी राहिली. छायाने मागोमाग एक भरलेली पिशवी वर टाकली आणि दोन पावलं मागे सरकली.

"मावशी, कुठं?" कंडक्टरने विचारलं.

कुसुमने श्वास घेतला.

"अर्धं. पन...वेल."

"हे गाडी पवनीपर्यंतच जाते जी."

"पवनी... दे. पुढचं... बघते मी."

मग ती आमच्या सीटपाशी आली. हिरा आ वासून बसली होती. कुसुमने काठी तिच्या गुडघ्यावर टेकवली.

"सरक."