काडी हरवली म्हणे

भुवया कोरणारीचं सगळं भांडवल तिच्या बोटांत. दोरा दातात धरून ती अशी भुवई काढायची की गिऱ्हाईक आरशात बघून स्वतःवरच खूश. पाळणा लांबवायला दवाखान्याने तिच्या दंडात, कातडीखाली, गर्भनिरोधक काडी बसवली होती. मुदत संपल्यावर ती काढायला गेली, तर नर्सने दंड चाचपला आणि सांगून टाकलं, "हरवलीय."

हरवली म्हणे! ती काय छत्री होती, बसमध्ये विसरायला? काडी खोल टोचली यांनी, आतल्या आत सरकली ती, आणि ठपका मात्र हिच्या माथी. वर डॉक्टरने कुठलाही फोटो न काढता दंड चिरला, चिमट्याने आत उकरलं, काही लागलं नाही तेव्हा टाके घालून घरी पाठवलं. तेव्हापासून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. दोरा निसटू लागला, गिऱ्हाइकं शेजारच्या खुर्चीकडे वळली. बाईच्या दंडाला काडीची किंमत नाही, दुसरं काय!

पुन्हा बोलावणं आलं तेव्हा नणंद सोबत गेली. वाटेत म्हणाली, "वहिनी, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच." दोघी हसल्या, पण आणखी एक बोट गेलं तर धंदाच बसणार होता.

डॉक्टर तोच. जुन्या टाक्यांवरूनच परत बघू म्हणाला, एवढीशी तर काडी. हिने दंड पदराखाली घेतला.

"आधी ती कुठे आहे ते मला दाखवा. मग कापा."

डॉक्टर चिडला, पण नणंद दारात पाय रोवून उभी होती. शेवटी मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. तिथे एक्स-रे झाला, मग सोनोग्राफी. काडी पडद्यावर स्पष्ट दिसली, स्नायूत, नसेला अगदी खेटून. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कातडीवर पेनाने खूण केली, पडद्यावर नजर ठेवून नस अलगद बाजूला केली आणि काडी अख्खी बाहेर काढली. हे आधीच करता आलं असतं, याचाच हिला जास्त संताप आला.

टाके काढायला ती जुन्या दवाखान्यात गेली. नर्स हसून म्हणाली, "सापडली ना एकदाची?"

"ती हरवलीच नव्हती," ती म्हणाली. तिने टेबलावरची टाचणी उचलली आणि नर्सच्या देखत करंगळीला टोचली. रक्त आलं. तिला कळलं नाही.

"हे हरवलंय. हे कोण शोधणार?"