कांताआत्याचा साबण

फोन वाजला तेव्हा माझा हात नळाखाली होता. कुकरची वाफ पुरती जिरायच्या आत झाकण उघडायची घाई, दुसरं काय! भपकारा मनगटावर बसला आणि मी ओरडतच नळाकडे पळाले. फोन ह्यांनी घेतला. बराच वेळ नुसतं "हो… हो…" चाललं होतं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "आत्या गेली. पहाटे, झोपेतच." आणि खरं सांगते, मी हात काढला नाही! डोळ्यांना धारा लागल्या, ह्यांनी खांद्याला धरलं, तरी हात नळाखालीच. दहा भाकरींचा वेळ व्हायच्या आत हात बाहेर काढला असता ना, तर कांताआत्या तिरडीवरून उठून मेडशीहून वाशीमपर्यंत आली असती आणि माझ्या पाठीत धपाटा घालून परत जाऊन झोपली असती. रडता रडता मला हसूच फुटलं. बाई, काय बाई होती ती!

कांताआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. दिली होती कामरगावला. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून भावानं मेडशीला परत आणलं, ती कायमचीच. दिसायला एवढीशी, पण आवाज असा की वावरातून हाक मारली तर सडकेवरची एसटी थांबावी. भावाच्या घरात राहणाऱ्या बाईनं जपून बोलावं अशी आपल्याकडची रीत. आत्याला रीत ठाऊक होती, पाळणं मात्र जमत नव्हतं! आणि हे मला लग्नानंतर पंधराव्या दिवशीच कळलं.

त्या दिवशी पाहुणे जेवायला यायचे होते. चुलीवर भज्यांची कढई तापलेली, आणि मला माझी हुशारी दाखवायची खुमखुमी. पीठ सोडलं ते चांगलं वीतभर वरून! तेल उडालं ते थेट उजव्या मनगटावर. "अवो माय!" करून मी जी किंचाळले… घरात एकच पळापळ. सासूबाई दातांची पेस्ट घेऊन धावल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, शाई लावा शाई. कुणी हळद, कुणी किसलेला बटाटा. हाताला काय लावायचं यावर पंचायत बसली आणि हात तसाच पेटलेला! तेवढ्यात अंगणातून गर्जना आली, "कोनी काही लावू नका तिले! इकडे आना!" आत्यानं मला दंडाला धरून ओढत टाकीपाशी नेलं आणि गडव्यानं हातावर पाण्याची बारीक, संथ धार धरली. धरता धरताच हुकूम सोडला, "वैनी, तुमी भाकरी टाका. दहा भाकरी होईस्तोर हा हात पान्याखालून निंगत नाई." घड्याळावर तिचा भरवसा नव्हता. तिचं सगळं मोजमाप भाकरींचं.

इथवर सगळं ठीक होतं. पण मग तिनं टाकीच्या कडेवर, करवंटीत ठेवलेला साबण उचलला आणि माझ्या हाताला फेस लावून एकेक बांगडी सरकवायला लागली. हिरवा चुडा होता तो, लग्नातला! आमच्या घरी नव्या नवरीच्या हातातला चुडा सव्वा महिना उतरवत नाहीत. सासूबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या. "कांताबाई, हे काय करून राह्यल्या तुमी? चुडा हाय तो!"

"हात सुजला का मंग निंगत नाईत वैनी. चुडा मोठा का हात मोठा?"

सगळ्या निघाल्या, दोन राहिल्या. मनगट फुगायला लागलं होतं. आत्यानं चंचीतला अडकित्ता काढला, खाली ओला फडका सरकवला आणि… कट. कट. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक. त्या एवढंच म्हणाल्या, "माह्या पोराले काही झालं नं कांताबाई, तर तुमी या घरात राह्यच्या नाई." आणि भाकरी टाकायला आत गेल्या. चौथी भाकरी होती ती, मला अजून आठवतं, कारण ती त्यांनी इतकी जोरात थापली की शेजाऱ्यांच्या म्हशीनं मान वर केली.

आणि नेमके त्याच दिवशी हे मोटरसायकलवर तालुक्याला, मालेगावला गेलेले! चारला येतो म्हणाले होते. पाच वाजले. साडेपाच. तेव्हा खिशात फोन कुठले! पाहुणे जेवून गेले, भांडी घासून झाली, आणि घरातला जो तो एकदा सडकेकडे बघे आणि एकदा आत्याकडे. मी तिच्याशेजारी ओसरीवर बसले होते. हाताला तिनंच स्वच्छ, मऊ धोतराचा तुकडा सैलसर गुंडाळला होता. तिच्या हातात अडकित्ता होता, पण सुपारी काही कातरली जात नव्हती. मी हळूच विचारलं, "आत्या, भेव नाई वाटत तुमाले?" "लय वाटून राह्यलं पोरी," ती म्हणाली, "मी जाऊ कुठी इथून?" एवढी धीट बाई, आणि ती चक्क कापत होती हो! माझा असला-नसला अभिमान त्या क्षणी गळून पडला. माझ्या मनगटासाठी या बाईनं स्वतःचं छप्पर पणाला लावलं होतं, आणि मी तर तिला धड ओळखतही नव्हते.

दिवेलागणीला सडकेवर हे दिसले. मोटरसायकल ढकलत, घामाघूम, पंक्चर! फाटकातून आत पाऊल टाकलं तोच आत्यानं धावत जाऊन ह्यांच्या पाठीत दोन धपाटे घातले, "कुठी मेला व्हता रे!" आणि ह्यांच्या गळ्यात पडून जे भोकाड पसरलं… ह्यांना काही कळेचना! सासूबाई चार दिवस आत्याशी बोलल्या नाहीत. पण पाचव्या दिवशी माझ्या हातावरचा फडका सोडून, हात उजेडात धरून, मागूनपुढून नीट बघितला त्यांनी. डाग नाही, सूज नाही, पाचही बोटं झक्कास वळत होती. आणि त्या दिवशी तव्यावरची पहिली भाकरी आत्याच्या ताटात पडली.

आत्याला हे सगळं कुठून ठाऊक, ते तिनं मला नंतर सांगितलं. तिच्या डाव्या मनगटाभोवती फिकट कडं होतं कातडीचंच, आणि दोन बोटं पुरती मिटत नसत. कामरगावला नवी नवरी असताना उकळतं वरण सांडलं होतं हातावर. घरच्यांनी पेस्ट फासली आणि चुड्याला हात लावू दिला नाही. रात्रभरात हात टम्म फुगला, बांगड्या मांसात रुतल्या. दुसऱ्या दिवशी कारंज्याच्या डॉक्टरांनी त्या कापून काढल्या आणि घरच्यांना असं झापलं की बस! आधी पाणी ओतायचं, वीस मिनिटं, बर्फ नाही, आणि सूज यायच्या आत हातातलं सगळं काढायचं. ते आत्यानं जन्माचं गाठीला बांधलं. मग सहा वर्षांनी नवरा वारला. "जवा काढाले पायजे होत्या तवा कोनी काढू देल्या नाईत," ती शांतपणे म्हणाली, "अन् जवा मले ठेवाच्या होत्या, तवा त्याच बायांनी एका झटक्यात फोडल्या." मी तिचा तो हात धरून बसले.

पुढं तर गावात तिचा असा दरारा झाला! लग्नाचा स्वयंपाक असो, भंडारा असो, कांताआत्या मांडवात शिरली की पहिला प्रश्न, "पानी कुठी ठेवलं?" आचारी तिला बघून भरलेली बादली पुढं करायचे. कुणी पोळलेल्या बोटावर तेल चोळताना दिसलं की मेलंच ते. "भाजी फोडनीले टाकून राह्यला का बोट?" फोड आला तर फोडायचा नाही म्हणजे नाही. तळहातापेक्षा मोठं भाजलं, तोंडाला भाजलं, लेकरू भाजलं, तर पाणी ओतून झाल्याबरोबर गाडी काढायची, मग दवाखाना. एकदा सरपंचांच्याच घरी सुनेच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या तिनं साबण लावून उतरवल्या आणि सरपंचांच्या हातात ठेवून म्हणाली, "मोजून घ्या." सगळं गाव आठवडाभर हसत होतं.

तर आम्ही मेडशीला पोचलो. अंगणात बायका जमलेल्या. सासूबाई आता ऐंशीच्या घरात, वाकलेल्या. मला बघितल्याबरोबर रडायच्या आधी माझं मनगट धरलं त्यांनी. "किती वेळ धरला पान्यात?" मी म्हटलं, "दहा भाकरी." त्यांनी मान हलवली, आणि मग आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो. आंघोळ घालायच्या वेळी सासूबाई आतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. उघडलं तर हिरव्या बांगड्या! काचेच्या, करकरीत. एक बाई चाचरत म्हणाली, "अवो, विधवा बाईले हिरव्या बांगड्या…?"

"तिनं माह्या सुनेचा हात वाचवला, तवा मीबी असंच बोलली व्हती," सासूबाई म्हणाल्या. आवाज थरथरत होता, पण मोठा होता. "आता मले कोनी काही बोलू नका."

बांगड्या काही चढेनात, हात ताठलेला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "सुनंदे, साबन आन." मी टाकीवरच्या करवंटीतून आणला. तोच, आत्याचा, बोटांनी झिजवून पातळ केलेला. त्यांनी फेस केला आणि एकेक बांगडी, दमादमानं, तिच्या त्या कातडीच्या कड्यावर आणून बसवली. दोन्ही हात भरले. आणि साबण धुऊन परत करवंटीत ठेवला.

गेल्या आठवड्यात परत जाऊन आलो. करवंटीत आता नवी वडी आहे, आणि आत्याची ती पातळ चकती सासूबाईंनी तिच्यावर दाबून चिकटवलीय. मला हात धुवायचे होते. वडी उचलली आणि काय वाटलं कोण जाणे, उलटी करून नव्याच बाजूनं हात चोळायला लागले. जुनी झिजू नये म्हणून… चुलीपाशी भाकरी थापत बसलेल्या सासूबाईंचं लक्ष होतं. तिथूनच ओरडल्या, थेट आत्यासारख्या, "जुनी बाजू लाव नं पोरी! कामाले ठेवली हाय ते."