पाहुण्याची डावी भुवई

परग्रहावरून आलेला तो पाहुणा आणि त्याला माळ्यावर लपवून ठेवणारी सात वर्षांची मुलगी! हा सिनेमा माहीत नाही असं घर शोधून सापडायचं नाही. आजोबांनी पाहिला, मग नातवंडांना दाखवला. शेवटी ती मुलगी पाहुण्याच्या छातीवर मुठी आपटते, तिथे भले भले बाप्ये चष्मा पुसायला लागतात. पुसा, खुशाल पुसा. पण त्या वेळी तिच्या पायांखालच्या फळ्यांच्या पोटात अकरा माणसं उताणी पडली होती, हे कुणाच्या गावीही नाही. त्यांतला एक सायकली दुरुस्त करायचा. ही गोष्ट त्याची.

सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळा चौथीत सुटली, तरी मास्तर. कारण ब्रेकची तार हातात आली की ते समोरच्याला शिकवल्याशिवाय सोडत नसत. पाहुण्याचा चेहरा होता रबराचा, आणि आतून तो हलायचा सायकलच्या ब्रेकच्या तारांवर. तारा सारख्या अडकायच्या. डोळा मिटला की उघडायचा नाही, तोंड उघडलं की मिटायचं नाही. मोठमोठे कारागीर डोकं धरून बसले, तेव्हा कुणीतरी मास्तरांना दुकानातून उचलून आणलं. त्यांनी चेहरा उलटा केला, आत बोट घातलं आणि म्हणाले, "एवढी वळणं दिल्यावर तार चालेल कशी? आणि तेल कोण पाजणार हिला, तुमचा काका?"

दोन दिवसांत चेहरा लोण्यासारखा हलायला लागला. मग साहेबांनी, म्हणजे सिनेमाच्या दिग्दर्शकांनी, त्यांना ठेवूनच घेतलं आणि पाहुण्याच्या तारा खालून ओढणाऱ्या अकरा दांड्यांपैकी एक त्यांच्या हातात दिली. डावी भुवई.

फळ्यांखाली प्रत्येकाची ओळख अशीच. "ए नाक, पाय आवर की!" "ओठ आज सुटीवर आहेत काय?" घरीसुद्धा बायको हाक मारायची, "अहो डावी भुवई, जेवायला चला, गार होतंय." मास्तर वरवर चिडायचे, पण आतून छाती फुगायची. कारण पाहुण्याला भाषा नव्हती. डावी भुवई उचलली की हो, उजवी उचलली की नाही, एवढंच त्याचं बोलणं. म्हणजे पाहुण्याचा अख्खा होकार मास्तरांच्या मुठीत होता.

नियम एकच, पण कडक. पाहुणा खरा आहे असं त्या मुलीला शेवटपर्यंत वाटलं पाहिजे. "छोट्या बाई आल्या!" अशी आरोळी झाली की सगळे खड्ड्यात, वरून फळ्या बंद. खोकायचं नाही, शिंकायचं नाही. "छोट्या बाई गेल्या" म्हटल्यावरच बाहेर यायचं. मुलगी पाहुण्याच्या मांडीला टेकून बसायची, त्याला शाळेतल्या मैत्रिणींच्या चहाड्या सांगायची, आणि खाली अकरा माणसं तोंडात रुमाल कोंबून हसायची.

तिला सगळ्यात जास्त बोलायचं असायचं आजीबद्दल. आजीनंच तिला वाढवलेलं. आजी दवाखान्यात होती, आणि "तू काम संपवून ये, मग तुला तो पाहुणा कसा होता ते विचारीन," असं तिनं नातीला सांगून धाडलं होतं.

मंगळवारी सकाळी आजी गेली.

मुलीचे वडील निरोप येताच गाडीत बसून गेले. तिला सांभाळायला मावशी थांबली. साहेबांनी अकराही जणांना कामाच्या शेडमध्ये गोळा केलं. "गुरुवारी तिचा रडण्याचा प्रसंग आहे. तोवर कुणी चकार शब्द काढायचा नाही. सांगायचं ते मी सांगेन, कॅमेरा चालू झाल्यावर."

मास्तरांचं टाळकं तापलं. "साहेब, लेकरू आहे ते. हे बरं नाही."

साहेब शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुम्ही भुवई आहात. भुवईनं बोलायचं नसतं."

नाक, ओठ, पापण्या, सगळे खाली बघत राहिले. मास्तर तडक मावशीकडे गेले. तिनं पदर तोंडाशी धरला. "मला कळत नाही का हो? तिच्या बापानंच परवानगी दिलीय. म्हणाला, दोन दिवसांनी काय बिघडतं? मी कोण सांगणारी?"

मी कोण? जो तो हेच म्हणत होता. साहेबांचं फावलं ते यावरच.

बुधवारी मास्तर ठरवून आले, की आज पोरीला गाठायचं आणि सांगून टाकायचं. पण मावशी तिचा हात सोडेना. दुपारी सगळे जेवायला गेले. उजव्या भुवईची तार तुटली होती म्हणून मास्तर एकटेच खाली उतरले आणि ती काढून नवी घालत बसले. तेवढ्यात वर पावलं वाजली. छोटी, अनवाणी. आरोळी द्यायला कुणी नव्हतं. मास्तर होते तिथेच आडवे झाले.

"मावशीला डुलकी लागलीय," ती पाहुण्याला कुजबुजली. "तू जेवलास?"

मास्तरांचा हात सवयीनं दांडीवर गेला. डावी भुवई वर. हो.

"मी नाही जेवले. एक विचारू? माझी आजी बरी आहे ना? मावशी फोनच लावून देत नाही."

उजव्या भुवईची तार मास्तरांच्या पोटावर तुटलेली पडली होती. पाहुण्यापाशी त्या घडीला फक्त एकच उत्तर होतं, आणि ते खोटं होतं. तोंड उघडावं तर? फळीखालून, अंधारातून, परक्या बाप्याच्या आवाजात तिनं हे ऐकावं? त्यांनी दांडीवरचा हात काढून घेतला.

वरचा आवाज कापरा झाला. "बोल ना रे. बरी नाहीये का?" आणि मुसमुसणं सुरू झालं. ते आवंढे गिळणं फळीच्या फटीतून थेट त्यांच्या कानात पडत होतं.

मास्तरांनी दांडी ओढली.

"खरं?" ती हसली. नाक ओढलं, पाहुण्याच्या गालाचा पापा घेतला आणि पळाली. मास्तर तिथेच पडून राहिले. माणसं जेवून आली तरी तार जोडायची राहिलीच होती.

गुरुवारी साहेब मुलीसमोर गुडघ्यांवर बसले. कॅमेरा सुरू झाला. मऊ आवाजात त्यांनी सांगितलं, "बेटा, आजी गेली गं."

मुलगी रडलीच नाही. तिनं मान वळवली. "पण हा हो म्हणाला होता."

कुणाला काही बोध होईना. ती पाहुण्यापुढे जाऊन उभी राहिली. "तू खोटं बोललास?"

फळ्यांखाली मास्तरांच्या कानात हुकमाचं यंत्र होतं, पण त्यात साहेबांचा आवाज आला नाही. कुणी हुकूम दिला नाही. मास्तरांनी आपणहून दांडी ओढली. हो.

मग त्या मुठी. रबरावर पडणारा एकेक ठोसा तारेतून उतरून मास्तरांच्या तळहाताला लागत होता. त्यांनी खांद्यानं फळी ढकलून पाहिली, पण वर कॅमेऱ्याच्या गाडीचं चाक होतं. फळी तसूभरही हलली नाही. साहेबांनी "कट" म्हटलं ते तिचे हात थकल्यावर.

बाहेर काढलं तेव्हा साहेबांनी त्यांना मिठीच मारली. "मास्तर, काय भुवई उचललीत हो! कुणी सुचवलं तुम्हाला?"

"तिनं विचारलं म्हणून," मास्तर म्हणाले आणि त्यांचे हात झटकून फाटकाकडे धावत सुटले.

गाडी सुरू होत होती. मुलगी मावशीला बिलगून बसली होती. मास्तर खिडकीशी वाकले. ग्रीसचे हात, दाढीत कोळ्याची जाळी.

"पोरी, ती भुवई मी ओढली. काल पण मीच. त्या पाहुण्याचा काही दोष नाही. रागवायचं तर माझ्यावर रागव."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाला तिनं जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

"तुमच्यावर कशाला रागवू, काका?" ती म्हणाली. "तुम्हाला तर मी ओळखत पण नाही."

"अगं, खाली फळीखाली मी—"

"उगाच त्याची बाजू घेऊ नका. मी कट्टी आहे त्याच्याशी. सांगा त्याला, कायमची."

मावशीनं हळूच काच वर घेतली. पलीकडे मुलीचे ओठ अजून हलत होते. ती मावशीला काहीतरी विचारत होती, आणि मावशी मान हलवत होती, होकारार्थी की नकारार्थी ते बाहेरून समजत नव्हतं.