मार्थेच्या कपाळावरची आठी

मी तिसरीत असताना आई गेली. तिचा एकच फोटो घरात होता, लग्नातला, आणि त्यातही नवरीच्या डोक्यावरच्या झिरझिरीत जाळीची सावली चेहऱ्यावर पडलेली. वर्षभरात तिचं तोंड मला नीट आठवेना.

शिरूरला आमच्या प्रोटेस्टंट चर्चच्या भिंती कोऱ्या. चित्रं दिसायची ती रविवारच्या शाळेत. बाई खिळ्याला मोठं रंगीत चित्र अडकवून गोष्ट सांगायच्या. त्यातल्या बायका सगळ्या गोऱ्या, निळ्या वस्त्रातल्या, नजर खाली घातलेल्या. मी प्रत्येकीत आई शोधायचे.

एकदा मार्था आणि मरीया या बहिणींचं चित्र होतं. मरीया घरी आलेल्या येशूच्या पायाशी शांत ऐकत बसलेली; गोष्टीत येशू तिचंच कौतुक करतो. मागं दारात मार्था, स्वयंपाकात अडकलेली, बाह्या वर सारलेल्या, हातात परात, कपाळावर आठी.

"यातल्या कोणासारखं व्हायचं?" बाईंनी विचारलं.

"मरीयेसारखं!" सगळी पोरं ओरडली.

"मार्थेसारखं," मी म्हणाले. "ती आईसारखी दिसती."

बाई आईला ओळखत होत्या. शाळा सुटल्यावर त्यांनी चित्राची गुंडाळी माझ्या हातात दिली. "घरी ने. पुढच्या रविवारी आण."

पप्पा कारखान्यातून आले तेव्हा चित्र कॉटवर पसरलेलं होतं. जेवणाचा डबा हातात तसाच धरून ते बघत राहिले. आई गेल्यापासून त्यांनी तिचा विषयच काढला नव्हता.

"नाक न्हाई तसं," ते म्हणाले. "पण आठी तिचीच. भाकरी थापताना कुणी मधी बोललं की अशीच बघायची."

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी ते आईबद्दल बोलले. ती पालीला कशी घाबरायची, चर्चमधली गीतं बेसूर पण सगळ्यांत मोठ्यानं कशी म्हणायची. रविवारी चित्र परत गेलं. मग पप्पांचं बोलणंही थांबत गेलं.

पुढं लग्न होऊन मी दौंडला आले. एकदा शेजारणीबरोबर तिच्या कॅथलिक चर्चमध्ये गेले. तिथं येशूच्या आईचा, मरीयामातेचा पुतळा होता, फार सुंदर, कपाळ अगदी नितळ.

"मार्था न्हाई का कुठं?" मी विचारलं.

शेजारीण हसली. "सैपाक करणारीला भिंतीवर कोण लावतंय, ताई?"

मीही हसले. पण घरी येऊन शिरूरला फोन लावला.

"पप्पा, आईचं काहीतरी सांगा ना."

पप्पा म्हणाले, "तुझा आवाज तिच्यावर गेलाय."

त्यानंतर कितीतरी दिवस, घरात कुणी नसलं की मी मोठ्यानं बोलून बघायचे.